रामाकोन्याची घागर विद्यापीठात

प्रवासाला निघताना लोक वळकटी बांधतात, फराळाचा डबा बांधतात. आम्ही घागर बांधली. कोरी, लाल, रामाकोन्याच्या कुंभाराकडून आदल्याच दिवशी आणलेली. तिच्या गळ्याला सुताचा दोरा आणि भोवती माझ्या दोन जुन्या लुगड्यांची घडी. एवढ्या जपणुकीनं तर मला कुणी सासरी आणलं नव्हतं.

मी सौंसरच्या मुलींच्या शाळेत शिकवते. माझे मालक तहसील कचेरीत आहेत. बरोबर निघाले होते ते मोठेबाबा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, रामाकोन्याला शेती करणारे. सत्तरी कधीच उलटली आहे, पाठीत थोडा बाक आलाय, पण चालायला लागले की मलाच म्हणतात, "सूनबाई, पाय उचल, का पालखी बोलावू?" आम्ही जात होतो ते नर्मदेपलीकडच्या एका विद्यापीठाचं पुराणवस्तूंचं संग्रहालय बघायला. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या एका भल्या माणसाची चूक पुढे सांगायची आहे, आणि त्याचं नाव खराब व्हावं असं मला मुळीच वाटत नाही.

*रामाकोना*

आधी शेत सांगते. कन्हान नदीपासून हाकेच्या अंतरावर मोठेबाबांचं वावर आहे. खाली कापूस, वर संत्र्याची झाडं. अगदी वरच्या अंगाला मोठमोठ्या धोंड्यांचं एक रिंगण आहे. कुणी मांडलं ते कुणाला ठाऊक नाही. आमच्या घरात सगळे म्हणत की ते पितरांचं रिंगण. आजवर त्यात नांगर घातला नाही, बैलसुद्धा तिथे आपसूक वळतात.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. बाकीचे लोक घरात भरतात. आमची पद्धत निराळी. नवी घागर कन्हानच्या पाण्यानं भरून त्या रिंगणात ठेवायची आणि मागे न बघता यायचं. घागर तिथेच राहायची, उन्हापावसानं फुटून मातीत जायची. मोठेबाबांच्या आईनं, चंद्रभागाबाईंनी, हे जन्मभर केलं. घागर ठेवल्यावरच घरात पहिला आंबा कापला जाई. त्याआधी आंब्याला तोंड लावायचं नाही, हा नियम तर आमच्याकडे लहान पोरंसुद्धा पाळतात.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात विद्यापीठाची माणसं आली. म्हणाली, हे रिंगण फार जुनं आहे, खोदू द्या. मोठेबाबा नको म्हणत होते. त्यांची आई त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेली होती. मी तेव्हा नवी सून, नवी मास्तरीण, डोक्यात नुसती हवा. मी म्हणाले, "मोठेबाबा, देश आपला झाला, आता विद्यापीठही आपलंच. ज्ञानाचं काम आहे, अडवू नका." शिकलेली सून सांगते आहे म्हणून त्यांनी कागदावर अंगठा उमटवला. खोदकाम चाललं तेवढे दिवस ते वावरात फिरकले नाहीत. बघवत नव्हतं त्यांना. शेवटी पेट्या भरून गाडीत गेल्या, त्यांत मडकी होती, लोखंड होतं आणि हाडंही होती.

पुढची अखजी आली. मी म्हटलं, चला, घागर भरू. मोठेबाबा ओसरीवर बसून राहिले.

"रिकाम्या घरी पाणी ठेवून कोन पेते, सूनबाई?"

त्या दिवशी मी त्यांच्या ताटात आंब्याच्या फोडी वाढल्या. त्यांनी ताट तेवढं थोडं बाजूला सरकवलं. पितर तहानलेले असताना आपण आंबा कसा खायचा, एवढंच म्हणाले. तेव्हापासून आठ उन्हाळे गेले. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. पण दर वैशाखात ते ताट सरकायचं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळायची. कुणी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गावातले लोक तर काय, जिभेला हाड नाही. "का हो पाटील, तुमचे पितर विद्यापीठात जाऊन राहिले म्हन्ते, म्याट्रिक झाले का?" मोठेबाबाही सुनवायचे, "झाले ना. तुहे अजून बाराखडीतच आहेत."

मागच्या वर्षी राज्यांची नवी मांडणी झाली. माझं माहेर नागपूर, ते गेलं मुंबई राज्यात. आम्ही राहिलो भोपाळच्या राज्यात. सकाळच्या छोट्या गाडीनं ज्या राजधानीत बाजाराला जायचं ती परराज्यात गेली, आणि नवी राजधानी कुणी पाहिलेलीही नव्हती. कचेऱ्यांचे कागद, कपाटं, टेबलं इकडून तिकडे जात होती. मालक रोज घरी येऊन कुठली फाइल कुठे गेली ते सांगत. एका संध्याकाळी मोठेबाबा ते ऐकत बसले होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला, तंबाखू तशीच तळव्यात राहिली.

"कागद हालून राहिले तं हाडंबी हालतीन एखांद्या दिवशी," ते म्हणाले. "मंग कोन्या राज्यात शोधू मी त्यांले?"

दुसऱ्याच दिवशी मी विद्यापीठाला हिंदीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, वस्तू सुरक्षित आहेत, केव्हाही बघायला या. मोठेबाबांनी दिवस ठरवला. अर्थात अखजीचा. मालकांना रजा मिळेना. मला उन्हाळ्याची सुट्टी होती, हिंदी येत होती, आणि खरं सांगायचं तर जायचं मलाच होतं.

*पांढुर्णा*

सौंसरहून मोटारीनं पांढुर्ण्याला निघालो. मोटारीत माणसं कोंबलेली, टपावर संत्र्याच्या रिकाम्या पेट्या. घागर माझ्या मांडीवर. शेजारची एक बाई माझ्याकडे आणि गाठोड्याकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी तिच्यानं राहवेना. "किती महिन्याचं हाय वं?" मी पदर बाजूला करून घागर दाखवली तेव्हा ती एवढी हसली की ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं.

वाटेत जामसांवलीला मोठेबाबांनी मोटार थांबवायला लावली. निजलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं, प्रसाद खिशात टाकला. मी विचारलं, काय मागितलं? म्हणाले, "काही नाई. म्हटलं, तू निजून राहिला, निजून राह्य. फक्त गाडी चुकू देऊ नको."

गाडी चुकली नाही. पांढुर्ण्याचं स्टेशन आमच्याकडच्या छोट्या गाडीच्या स्टेशनापुढे केवढं तरी मोठं. मोठेबाबा रुळांची रुंदी बघत उभे राहिले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्याचा गडवा. त्यात कन्हानचं पाणी, तोंडाला कापड बांधून मेणानं बंद केलेलं. गडव्याच्या गळ्यावर दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक ठिपका कोरलेला होता. ही आमच्या घराची खूण. नदीवर पन्नास घरची भांडी एका जागी येतात, तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या भांड्यावर खूण करून ठेवायची. आमच्या घरात विळ्याच्या मुठीपासून खाटेच्या पायापर्यंत ती खूण आहे. मी सासरी आले त्या आठवड्यात सासूबाईंनी माझ्या माहेरच्या डब्यावरसुद्धा खिळ्यानं ती करून टाकली होती, आणि मी त्या रात्री रडले होते.

*इटारशी*

इथे गाडी बदलायची होती, आणि इथेच घात झाला.

फलाटावर ही गर्दी. एका हमालाच्या डोक्यावरची ट्रंक वळली आणि तिचा कोपरा माझ्या गाठोड्याला लागला. फारसा आवाजही झाला नाही. गाठोडं हातात एकदम मऊ पडलं, तेव्हा मला कळलं. लुगडं उघडलं तर आत नुसत्या खापऱ्या.

मी तिथेच खाली बसले. चौतीस वर्षांची बाई, पोरींना छडी दाखवणारी मास्तरीण, भर फलाटावर हुंदके देऊन रडले. आधी त्यांचे पितर घालवले आणि आता घागरही माझ्याच हातून गेली असं माझ्या मनात आलं. मोठेबाबा शेजारी उकिडवे बसले. एकेक खापरी उचलून त्यांनी लुगड्यात गोळा केली.

"उठ. मातीची होती, मातीत गेली. माय म्हनायची, घागर फुटली तं इडा टळली." मग थोडं थांबून म्हणाले, "पानी तं शाबूत आहे ना."

दुसरी घागर तिथे घेऊ म्हटलं तर मान हलवली. आपल्या गावची माती नाही तर पितर ओळखणार कसे? पुढे नर्मदा आली. डब्यातले सगळे हात जोडून उठले. मी कन्हान पाहिली आहे, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून ओलांडली आहे. वैशाखातसुद्धा एवढं पाणी वाहू शकतं हे मला माहीत नव्हतं. पूल संपता संपेना, खाली पाणी संपता संपेना, आणि माझं तोंड उघडं ते उघडंच. एकानं मोठेबाबांना सांगितलं, बाबा, तुमचा गडवा गंगाजळासारखा इथे भरून घ्या. मोठेबाबांनी नदीला दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि गडवा पोटाशी धरला.

"मोठी आहे, माय आहे. पन त्यांले कन्हानचं पायजे."

*विद्यापीठ*

आम्ही पोचलो त्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या आवारात एका वडाखाली नटलेल्या मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावत होत्या. आम्हाला बोलावून ओंजळभर भिजवलेले हरभरे दिले. तिकडे याच दिवसाला अकती म्हणतात आणि हा पोरींचा सण. आपल्याकडे पितरांचा दिवस तो इकडे बाहुल्यांचा, याचं मला नवल वाटलं. मोठेबाबा हरभरे चावत म्हणाले, "बरं आहे. कोनी तं हसून राहिलं आजच्या दिशी."

संग्रहालयाची इमारत टेकडीवर होती, जुन्या गोऱ्या पलटणीच्या बराकीसारखी, लांबच लांब. दारात मिश्राजी उभे होते (हे त्यांचं खरं नाव नव्हे). तिथले प्रमुख तेच. उंच, शिडशिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नऊ वर्षांपूर्वी आमच्या वावरात खोदकाम करणारेही हेच होते. त्यांनी वाकून मोठेबाबांच्या पायांना हात लावला. त्यांचं बोलणं हिंदीत होतं, मी ते मराठीतच लिहिते; आमची बोली त्यांना खोदकामाच्या दिवसांत कळायला लागली होती.

"बाबा, तुमच्या शेतानं आम्हाला जे दिलं ते बघायला तुम्ही कधी याल याची वाट बघत होतो."

मोठेबाबांनी हात जोडले आणि पहिलाच प्रश्न केला, "थे कुठी आहेत?"

पुढच्या दालनात काचेच्या पेट्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मिश्राजी आम्हाला सरळ मागच्या भागात घेऊन गेले. लोकांना दाखवायच्या वस्तू पुढे असतात, अभ्यासाच्या मागे. हे मला माहीत नव्हतं, आणि तुम्हालाही माहीत नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दार उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसलं ते काय सांगू! जमिनीपासून छतापर्यंत लाकडी कप्पे. एक रांग, दुसरी रांग, तिसरी, आणि पार टोकाच्या खिडकीपर्यंत हेच. प्रत्येक कप्प्यावर एका गावाचं नाव. ज्या गावांची नावं कधी वर्तमानपत्रात येणार नाहीत, ज्यांना धड रस्ता नाही, अशी गावं तिथे ओळीनं मांडलेली होती. मिश्राजींनी एक कप्पा ओढला. आत खापराचे तुकडे, बोटाच्या पेराएवढे. प्रत्येक तुकड्यावर पांढरा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईनं मुंगीएवढ्या अक्षरांत क्रमांक. तुकडा कुठल्या गावचा, कुठल्या खड्ड्यातला, किती खोलीवरचा, सगळं त्यात. मी विचारलं, हे सगळ्या तुकड्यांवर लिहिलं आहे? म्हणाले, "सगळ्या."

इटारशीच्या खापऱ्या अजून माझ्या गाठोड्यात होत्या. आपण खापरी उकिरड्यावर टाकतो. इथे कुणीतरी जन्म घालवून एकेकीला नाव दिलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसाच.

आणि मग एक आख्खं कपाट: रामाकोना.

मी ते मोठ्यानं वाचलं. मोठेबाबांनी टोपी काढली.

एका कप्प्यात लोखंडी वस्तू होत्या, गंजून तांबड्या झालेल्या. मोठेबाबांनी विचारून एक वाकडं पातं हातात घेतलं. अंगठ्यानं धारेच्या दोन्ही बाजू चाचपल्या, पुन्हा चाचपल्या.

"हा विळा होय. पन डावऱ्या मानसाचा."

मिश्राजींनी चष्मा सावरला. "कशावरून?"

"उतार पाहा ना. उजव्या हातवाल्याचा या अंगानं घासते. माह्या मायचा असाच होता, थेबी डावरीच होती."

मिश्राजींनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. मी विचारलं, किती जुना असेल हा? ते म्हणाले, दोन-अडीच हजार वर्षांचा. म्हणजे तेवढ्या वर्षांपूर्वी आमच्याच वावरात, कन्हानच्या काठी, कुणीतरी डावखुरं माणूस पीक कापत होतं. त्याला शेजारचे चिडवत असतील. राजे झाले, भोसले झाले, इंग्रज झाले, नागपूर राजधानी झाली आणि गेली, आणि हा विळा आपला मातीत पडून होता. मला एकदम सगळं राज्यांचं कोडं इवलंसं वाटायला लागलं.

शेवटी हाडं. एका उथळ पेटीत कापसावर ठेवलेली. फार नव्हती. काही दात, हाताची लांब हाडं, कवटीचा एक तुकडा. मोठेबाबांनी काठी भिंतीला टेकवली. मग पिशवी उघडून त्यांनी पळसाची पत्रावळ काढली, सांजोऱ्या काढल्या, कुरड्या काढल्या, तीन गावरान आंबे काढले, आणि गडव्याचं मेण नखानं सोडवायला लागले.

"बाबा, नाही!" मिश्राजी पुढे झाले. मग स्वतःच ओशाळले. "क्षमा करा. पण इथे पाणी चालत नाही. एक थेंबही नाही. ओल लागली तर हाडांचा भुगा होईल. हा माझा नियम नाही, यांच्या जिवाचा आहे."

मी दोन्हीकडून समजावायला बघितलं. मिश्राजींना अखजी सांगितली, त्यांना पटलीही. पण पाणी आणि हाडं एका खोलीत आणायला ते तयार नव्हते. शिवाय पाणी भरायचं कशात? घागर तर फुटलेली. नुसत्या गडव्यातून ओतायचं नसतं.

मोठेबाबांनी मेण पुन्हा दाबलं. "बरोबर आहे तुमचं, साहेब," ते म्हणाले. "तुमी जपून राहिले, मी कसा मोडू?" त्यांनी सामान पिशवीत भरलं. आंबे त्यांनी अगदी तळाशी घातले. आता हा माणूस मरेपर्यंत आंबा खाणार नाही हे मला तेव्हा कळून चुकलं, आणि मला तिथे उभं राहवेना. आम्ही पुढच्या दालनातून बाहेर निघालो.

दालनाच्या मधोमध एक स्वतंत्र काचेची पेटी होती, खिडकीचा उजेड बरोबर तिच्यावर पडेल अशी. मिश्राजी निदान एक चांगली गोष्ट दाखवावी म्हणून थांबले. "बाबा, हे तुमच्या शेतातलं आमचं रत्न. एवढी अखंड घागर क्वचित मिळते. आणि ही बघा, खांद्यावर खूण आहे. या खुणेवर मी मोठा लेख लिहिला आहे. बाहेरच्या विद्वानांची पत्रं आली."

मी बघितलं. दोन उभ्या रेघा. मध्ये ठिपका.

मी मोठेबाबांकडे बघितलं. ते काचेला नाक लावून उभे होते, पोरगं हलवायाच्या दुकानापुढे उभं राहतं तसे.

"माय," ते हळूच म्हणाले. आणि मग मिश्राजींकडे वळून, अगदी शांतपणे, "साहेब, हे माह्या मायची घागर होय."

मिश्राजी हसले. त्यांना वाटलं, म्हातारा पितरांना माय म्हणतो आहे. मी काहीच बोलू नये असं मला वाटत होतं. या माणसानं रात्रंदिवस मुंगीएवढी अक्षरं लिहिली, त्याच्या लेखाचं काय होईल? पण मोठेबाबांनी हातातला गडवा वर केला आणि काचेला टेकवून घागरीच्या शेजारी धरला. गडव्याच्या गळ्यावर दोन रेघा, मध्ये ठिपका.

"आमच्या घरची खूण आहे थे. नदीवर भांडे बदलू नाई म्हनून. मरायच्या वर्षी अखजीले मायनं ठेवली होती. तिची शेवटची. डाव्या हातानं ओढलेली रेघ आहे, पाहा, उलटी कललेली."

बाहेर वडाखाली पोरींचं गाणं चाललं होतं ते ऐकू येत होतं. मिश्राजींनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग जवळच्या स्टुलावर बसले.

"वरच्याच मातीत होती," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "पहिल्या आठवड्यात. गाळात रुतलेली. मला तेव्हाही शंका आली होती. पण खूण बघितली आणि मोह पडला. बाबा, माझा लेख गेला."

"काहून जाईन?" मोठेबाबांना खरोखरच कळेना. "खूण तं खरी आहे ना!"

मिश्राजी उठले, मागच्या खोलीत गेले, आणि एक कप्पा काढूनच घेऊन आले. त्यात काळ्या-तांबड्या खापऱ्या होत्या, खोल थरातल्या, पक्क्या जुन्या. जवळजवळ प्रत्येकीवर काहीतरी ओरखडलेलं. एकीवर फुली, एकीवर तीन तिरप्या रेघा, एकीवर शिडीसारखं काही. "यांच्या खुणा मी देवांच्या समजत होतो. कुळांच्या, मंत्रांच्या. आठ वर्षं डोकं फोडलं," ते म्हणाले.

मोठेबाबांनी कप्प्यावरून नजर फिरवली. "भांडे बदलत असतीन ना, साहेब. पानवठा म्हटलं का भांडन आलंच."

आधी मिश्राजी हसले आणि मग मीही. हसता हसता माझे डोळे भरून आले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाया कन्हानच्या काठी घागरीवरून भांडल्या असतील, एखादी नवी सून आपल्या माहेरच्या भांड्यावर खूण केली म्हणून रात्री रडली असेल. मी त्यांना एवढं जवळून कधी बघितलं नव्हतं. मला त्या खापऱ्यांना हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले.

मिश्राजींनी कमरेची किल्ली काढून काचेची पेटी उघडली. घागर दोन्ही हातांनी बाहेर काढली. मग जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "बाबा, पुरानी चीज़ में पानी नहीं डाल सकते। यह तो पुरानी है ही नहीं।"

व्हरांड्यात एक टेबल मांडलं. त्याच्या एका टोकाला मोठेबाबांनी पत्रावळ ठेवली. मिश्राजींनी हाडांची पेटी स्वतः उचलून आणली आणि दुसऱ्या टोकाला, पाण्यापासून दोन हात लांब ठेवली. ओल पोचू नये, आणि तरी समोरासमोर असावं, असं त्यांनी ते मोजून केलं. मोठेबाबांनी मेण सोडलं आणि घागरीत पाणी ओतलं. नऊ वर्षं कोरडी पडलेली ती घागर आतून सुरसुरली. आम्ही तिघांनी तो आवाज ऐकला.

मोठेबाबा म्हणाले, "ज्यायचं नाव मले ठाऊक नाई, त्यांले पानी. डावऱ्यालेबी पानी. माय, तुलेबी."

आटोपल्यावर मिश्राजींनी घागर गाठोड्यात बांधून देऊ केली. तुमची आहे, घेऊन जा म्हणाले. मोठेबाबांनी खूप विचार केला. मग म्हणाले, "राहू द्या अठी. माय आहे त्यांच्यापाशी, मले घोर नाई. फक्त दर अखजीले तुमी इच्यात पानी भरजा." मिश्राजींनी हातात हात देऊन कबूल केलं. काचेच्या पेटीतली जुनी चिठ्ठी त्यांनी काढून टाकली, आणि कोरी चिठ्ठी व दौत माझ्यापुढे सरकवली. "बहनजी, ही तुम्ही लिहा. तुमच्या भाषेत."

मी रोज फळ्यावर लिहिते. पण त्या दिवशी पहिल्या अक्षराआधी टाक तीनदा दौतीत बुडवला. मी लिहिलं:

घागर. रामाकोना. चंद्रभागाबाईंनी अखजीला पितरांसाठी ठेवलेली.

मोठेबाबांना वाचता येत नाही. त्यांनी मला ते वाचायला लावलं. वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं. मग काठी टेकत ते बाहेर आले, पायरीवर बसले, आणि पिशवीतला एक आंबा काढून माझ्यापुढे धरला.

"घे, सूनबाई. तूच कापून दे."